पिछाडीचे मानकरी

मनुष्यस्वभावात अग्रभागाविषयी एक जन्मजात पक्षपात आहे. मिरवणुकीत पुढे कोण, पंक्तीत पहिल्या पाटावर कोण, सभेत व्यासपीठाच्या निकट कोण, या प्रश्नांचा निकाल लावण्यात आपल्या समाजाची जेवढी बुद्धी आणि जेवढा काळ खर्ची पडला आहे, तेवढ्यात एखादे मध्यम आकाराचे साम्राज्य सहज उभे राहिले असते. आगगाडी आली, तसा हा पक्षपात तिलाही चिकटला. वाफेच्या इंजिनावर कवने झाली, चित्रपट निघाले, लहान मुलांनी त्याच्या शिटीची नक्कल करून घरोघरच्या वडीलधाऱ्यांची वामकुक्षी मोडली. परंतु त्याच गाडीच्या अगदी शेवटी, इंजिनाने सोडलेल्या धुराचा उरलासुरला प्रसाद ग्रहण करीत जो गृहस्थ बसलेला असे, त्याच्याकडे फाटकापाशी ताटकळलेल्या मंडळींखेरीज कोणी पाहिले नाही, आणि त्यांनीही पाहिले ते गाडी एकदाची संपली या समाधानाने. वस्तुस्थिती मात्र अशी होती, की अमेरिकेतील मालगाडीचा खरा धनी इंजिनात नसून या शेवटच्या डब्यात असे. इंजिनचालक गाडी ओढून नेई. परंतु कोणती वाघीण कोठे सोडावी, केव्हा निघावे, कोठे थांबावे आणि उशीर झाल्यास त्याचे खापर कोणाच्या माथी फोडावे, हे ठरविण्याचा अखत्यार पिछाडीच्या कंडक्टरकडे असे.

या डब्याला तिकडे 'कबूस' म्हणत. बाहेरून पाहणाऱ्याला ती चाकांवरची एक लाकडी खोली दिसे. आत शिरणाऱ्याच्या मात्र तत्काळ ध्यानात येई, की हे एक संपूर्ण कार्यालय असून त्याला शयनगृह आणि मुदपाकखाना जोडून दिलेला आहे. एका बाजूस टेबल आणि बिल्ट्या ठेवण्याचे लहान लहान खण, दुसऱ्या बाजूस दिवसा बैठकीची आणि रात्री बिछान्याची अशी दुहेरी चाकरी करणारी बाके, आणि मध्ये कोळशाची ओतीव लोखंडी शेगडी, जी जमिनीला बोल्टांनी जखडलेली असे आणि जिच्या माथ्याभोवती उंच कड ठेवलेली असे. ही कड नसती, तर कॉफीचे भांडे पहिल्याच धक्क्याला कंडक्टरच्या मांडीवर येते. खबरदारी अनाठायी नव्हती. वाघिणींच्या प्रत्येक जोडणीत थोडे ढिलेपण असतेच. शंभर वाघिणींच्या गाडीत या थोड्याथोड्याची बेरीज बरीच मोठी होते, आणि इंजिनाने वेग कमी केला, की पुढच्यावर मागचा आदळत आदळत ते सारे ढिलेपण मिटत अखेरीस पिछाडीला येऊन पोहोचते. परिणामी ज्या हालचालीची इंजिनचालकाला वार्ताही नसे, तिने कंडक्टरसाहेब हातातील दफ्तरासह टेबलापासून समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन येत. त्या काळच्या इंजिनचालक आणि कंडक्टर यांच्यात जो परंपरागत जिव्हाळा होता, त्याचे मूळ येथे शोधावे.

आता हे गृहस्थ मागे बसून करीत तरी काय, असा प्रश्न जे स्वतः मागे बसलेले नाहीत त्यांना पडतो. मूळ काम हातब्रेकचे. जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ साली हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले खरे, पण मालगाड्यांना तो सर्रास लागेपर्यंत बराच काळ गेला, आणि १८९३ च्या कायद्याने सक्ती केल्यावर कोठे कंपन्यांचे मन वळले. तोवर ब्रेकवाल्यांनी धावत्या गाडीच्या छपरांवरून, पावसात आणि बर्फातही, एका वाघिणीवरून दुसरीवर जाऊन ब्रेकची चक्रे पिळावी असा रिवाज होता. पुढे ते संकट टळले, तरी देखरेख उरलीच. चाकांच्या आसांची टोके तेलात भिजवलेल्या सुताच्या बोळ्यांत फिरत. तेल आटले, की बेअरिंग तापून धूर निघे, आणि तो वेळेवर दिसला नाही, तर आस तुटून गाडी रुळांवरून घसरे. गाडी अवेळी थांबली, तर मागून येणाऱ्या गाडीला सावध करण्यासाठी लाल कंदील घेऊन पाऊण-एक मैल मागे चालत जाणे आणि रुळावर इशाऱ्याचे फटाके बांधून येणे, हेही पिछाडीच्याच माणसाचे कर्तव्य.

देखरेख करावयाची तर उंच जागा हवी. कबूसच्या छपरावर जो काचेचा मनोरा असे, त्याच्या जन्माची आख्यायिका अशी सांगतात, की १८६३ साली शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीच्या टी. बी. वॉटसन नावाच्या कंडक्टरला नेहमीच्या डब्याऐवजी छपराला भोक पडलेली एक वाघीण देण्यात आली. दुसऱ्या कोणी अर्ज केला असता. याने खोक्यांची उतरंड रचून तीवर बैठक मारली, भोकातून मुंडके बाहेर काढले आणि त्याला असा साक्षात्कार झाला, की येथून सारी गाडी दिसते. पुढे कंपन्यांनी रीतसर मनोरे बांधले आणि त्यांत बसण्याच्या जागा केल्या. जोंधळा भरला, की शेतात माळा उभारून त्यावर राखणदार बसतो, आणि पाखरांपेक्षा वाटसरूंवर अधिक नजर ठेवतो; या मनोऱ्यातील बैठकीचे स्वरूप नेमके तेच होते. मागे आणि उंच बसून पुढच्यांच्या चुका टिपणे ही मनुष्यजातीची आवडती विद्या आहे. तिच्यासाठी खास वाहन बांधून वर पगार देणारी संस्था मात्र इतिहासात ही एकच झाली असावी.

अशा संस्थेचे बरे दिवस टिकणे शक्य नव्हते. तापलेले बेअरिंग ओळखणारी यंत्रे रुळांच्या कडेला आली, चाकांना नवी बेअरिंगे बसली, बिनतारी संदेश सुरू झाले, बिल्ट्या संगणकात गेल्या, आणि शेवटी शेवटच्या वाघिणीच्या जोडणीला अडकविण्याची एक लहानशी पेटी निघाली, जी ब्रेकच्या नळीतील हवेचा दाब मोजून इंजिनाला कळविते आणि रात्री लाल दिवा लुकलुकविते. १९८२ साली राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या तंटामंडळाने कबूस काढून टाकण्यास अनुकूल अभिप्राय दिला, १९८८ साली व्हर्जिनिया राज्याने तो सक्तीचा करणारा आपला जुना कायदा रद्द केला, आणि दशक संपता संपता ही सारी पिछाडी बरखास्त झाली. पेटीला कॉफी लागत नाही, बिछाना लागत नाही, आणि इंजिनचालकाविषयी तिचे स्वतःचे असे काही मत नसते. कंपन्यांना ती पसंत पडली यात नवल नाही.

बेकार झालेल्या कबूसांचे पुनर्वसन मोठ्या आस्थेने झाले. कोणी उद्यानात गेले, कोणी आइस्क्रीमची दुकाने झाले. पेनसिल्व्हेनियात स्ट्रासबर्गजवळ तर त्यांची एक सबंध रांगच १९७० पासून प्रवाशांना मुक्कामासाठी भाड्याने दिली जाते, आणि ज्या बाकांवर झोपण्याचा कंडक्टरांना पगार मिळे, तेथे झोपण्यासाठी लोक आता पदरचे पैसे मोजतात. उरलेल्यांपैकी पुष्कळ संग्रहालयांत आले. निवृत्तीनंतर मी मध्य-पश्चिम अमेरिकेत मुलीकडे राहावयास गेलो, तेव्हा तेथील एका वाहतूक संग्रहालयाच्या पत्र्याच्या शेडमध्ये असाच एक लाकडी कबूस दुरुस्तीला घेतलेला होता, आणि "बाबा, घरात बसून आमच्यावर देखरेख करण्यापेक्षा तिकडे जा," अशा प्रेमळ शब्दांत माझी शनिवारच्या स्वयंसेवकांत भरती करण्यात आली.

या पथकाची रचना अभ्यासनीय होती. एक निवृत्त दंतवैद्य, एक गणिताच्या अध्यापिका, विम्याच्या धंद्यात आयुष्य घालविलेले दोन गृहस्थ, एक खरोखरीचा सुतार, आणि या सर्वांच्या वर एक वयोवृद्ध माजी कंडक्टर, ज्यांनी तरुणपणी अशाच डब्यातून नोकरी केली होती आणि त्या पुण्याईवर ते खुर्चीतून न उठता सर्वांना मार्गदर्शन करीत. मला हत्यारांचा गंध नाही, हे पहिल्या भेटीतच सर्वमान्य झाले. परंतु महसूल खात्यात हयात गेल्याचे कळताच मजकडे नोंदवही सोपविण्यात आली. डब्यातून काढलेल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधावयाची, तिचा क्रमांक, काढल्याची तारीख, काढतेवेळची स्थिती, काढण्याचे कारण आणि काढणाराची सही हे सर्व रकाने भरावयाचे, असा तेथील दंडक होता. तो छापील नमुना पाहून माझा ऊर भरून आला. सातासमुद्रापलीकडेही जेथे बिजागरीचा पंचनामा होतो, तेथे आपल्यासारख्याला परकेपणा वाटण्याचे कारण उरत नाही.

कामाची रीत एका स्क्रूवरून समजेल. खिडकीच्या चौकटीतील एक पितळी स्क्रू काढावयाचा होता. त्याच्या माथ्याची खाच जुन्या रंगाने इतकी लिंपली गेली होती, की स्क्रू कोठे आहे यावरच प्रथम दोन मते पडली. मग दंतवैद्यांनी घरून आणलेल्या, एके काळी अनेकांना घाम फोडणाऱ्या बारीक आकड्याने ती खाच कोरून स्वच्छ केली. कोरता कोरता सवयीने ते त्या चौकटीला "थोडेसेच दुखेल" असे म्हणाल्याचे मी कानांनी ऐकले आहे. नंतर तेल सोडण्यात आले, आणि ते मुरेपर्यंत वाट पाहण्याचे काम सर्वांनी मिळून केले. अखेर सुतार पेचकस घेऊन बसला आणि बाकीचे पाच जण त्याच्या मागे उभे राहिले. एक म्हणे, आधी किंचित आवळ, मग सैल कर. दुसरा म्हणे, आवळलास तर मान तुटेल. अध्यापिकाबाई पेचकस लंबरूप नसल्याचे निदर्शनास आणून देत. आणि खुर्चीतून आवाज येई, की आमच्या वेळी ही खिडकी उघडतच नसे. स्क्रू निघाला, मी नोंद केली, सुताराने सही केली. हाताला काम एकाच्या आणि नजरेला काम पाचांच्या, हे प्रमाण पाहून माझी खात्री झाली, की कंपन्यांनी डबे मोडीत काढले असतील, पिछाडीचा बाणा मात्र शाबूत आहे.

छपरावरून मोठा वाद माजला. लाकडी डब्यांच्या छपराला फळ्यांवर रंगाच्या ओल्या थरात कॅनव्हास ताणून बसवीत आणि वरून पुन्हा रंगाचे हात देत. हा प्रकार देखणा असतो, पण काही वर्षांत तडकतो आणि गळतो. विमेवाल्या गृहस्थांनी सुचविले, की आतल्या बाजूने रबराचे आधुनिक आच्छादन घालावे, म्हणजे पाण्याची भीती नाही. यावर अस्सलतेचे अभिमानी पक्षकार असे काही खवळले, की जणू कोणी देवाला प्लॅस्टिकची फुले वाहावयास सांगितले. छप्पर कॅनव्हासचे, म्हणजे ते गळणार. गळणे हे त्याचे ऐतिहासिक वैशिष्ट्य. न गळणारे छप्पर हा इतिहासाचा विपर्यास. असा युक्तिवाद झाला, आणि वॉटसनच्या भोकाचा दाखलाही निघाला. ठराव कॅनव्हासच्या बाजूने संमत झाला. शेडच्या पत्र्याला भोक नाही ना, हे पाहण्यासाठी मात्र त्याच सभेत उपसमिती नेमण्यात आली.

रंगाचे प्रकरण याहून गहन. जुना रंग खरवडण्यात धोका असतो, कारण त्यात शिसे असते. म्हणून तोंडाला मुखवटे बांधून, पृष्ठभाग ओला ठेवून, पडलेला प्रत्येक कपटा गोळा करीत ते काम चालते, आणि मुखवट्यांमुळे सूचना स्पष्ट ऐकू येत नाहीत, ही त्यातील एकमेव सोय. तत्पूर्वी मूळ रंग कोणता हे ठरविण्यासाठी भिंतीवरची बशीएवढी जागा पॉलिश पेपरने हळूहळू घासण्यात आली, तेव्हा एकात एक अशी वलये प्रकट झाली: बाहेर विटलेला लाल, त्याच्या आत चकचकीत लाल, मग करडा, मग पुन्हा लाल, आणि अगदी मध्यभागी, लाकडालगत, एक मातकट तपकिरी. हा तपकिरी म्हणजे लोहाच्या गंजाचा, आपल्या गेरूच्या जातीचा रंग. तो स्वस्त आणि टिकाऊ म्हणून कंपन्यांनी वाघिणींना आणि इमारतींना सारखाच फासला. इकडे प्रेक्षकांच्या मनात मात्र कबूस म्हटला की लालभडक, आणि या समजुतीत १९५३ साली निघालेल्या 'द लिटल रेड कबूस' या मुलांच्या चित्रपुस्तकाचा मोठा वाटा आहे. पुरावा म्हणे तपकिरी, पाळण्यातली पोरे म्हणत लाल. डबा बांधला त्या वर्षाचा रंग खरा, की त्याने सर्वांत अधिक काळ अंगावर वागविला तो खरा, या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी इतके बोलले गेले, की अखेरीस प्रत्यक्ष साक्षीदार म्हणून माजी कंडक्टरांचा जबाब घेण्याचे ठरले. ते बराच वेळ त्या वलयांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आम्ही रात्री चढत असू आणि रात्री उतरत असू. रंग होता का याला?"

निकाल लालच्या बाजूने लागला. पुरावा म्हणून ती बशीएवढी जागा न रंगविता तशीच ठेवण्यात आली, आणि "येथे रंग द्यायचा राहिला आहे" असे दर शनिवारी कोणी ना कोणी येऊन सांगत असते.

टेबलामागची फळी काढली, तेव्हा तिच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्यांच्या चार उभ्या ओळी सापडल्या. पथकात आनंदाची लाट उसळली. वाघिणींची वजने असावीत, असे एकाचे मत. अध्यापिकाबाईंनी बेरजा तपासून त्या बिनचूक असल्याचा दाखला दिला. मी माझ्या अनुभवावरून ती जमाबंदी असल्याचे सुचविले. आकड्यांवर काच बसवावी आणि खाली माहितीची पाटी लावावी, असे ठरते ठरते तोच खुर्चीतील वृद्धांनी चष्मा पुसला, ओळी वाचल्या आणि प्रसन्न मुद्रेने सांगितले, की हा पत्त्यांच्या डावातील गुणांचा हिशेब आहे आणि तिसऱ्या रकान्यातील मनुष्य कमालीचा दुर्दैवी होता. काच बसली. या डब्यातून वर्षानुवर्षे जी सरकारी-निमसरकारी कागदपत्रे आली-गेली, त्यांतील एक चिठोराही उरला नाही. उरले ते एवढेच दफ्तर, आणि त्यातील बेरजा बरोबर आहेत, हे कोणत्याही खात्याला भूषणावह आहे.

मधल्या सुट्टीत मला हिंदुस्थानविषयी विचारीत. आमच्याकडे मालगाडीमागे गार्डाचा डबा असतो, शेगडी, बिछाना, मनोरा यांपैकी त्यात काही नसते, आणि शेवटच्या डब्यामागची 'एल. व्ही.' ही पाटी दिसली म्हणजे गाडी मध्येच कोठे तुटली नाही अशी स्टेशनवरच्या माणसाची खात्री पटते, हे मी सांगे. गार्डाला निघून जाण्यास न सांगता २०२२ च्या जानेवारीत त्याला 'ट्रेन मॅनेजर' हा नवा हुद्दा देण्यात आला, हे ऐकून मात्र माजी कंडक्टर खुर्चीत ताठ झाले. सोयी वाढविण्याऐवजी हुद्दा वाढविण्याची ही युक्ती त्यांच्या कंपनीला सुचली असती, तर एवढी तंटामंडळे नेमावी लागली नसती, असा त्यांचा अभिप्राय पडला. आणि आपल्या देशाच्या राज्यकारभाराची परदेशात झालेली ही स्तुती मी नोंदवहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवली आहे.

यथावकाश कबूस तयार झाला. डब्याच्या पोटाखालून जाणाऱ्या लोखंडी ताणदांड्या आवळून वाकलेली कंबर सरळ करण्यात आली, शेगडीला काळा रंग चढला, मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर रॉकेलचे लाल भिंगांचे दिवे बसले, आणि संग्रहालयाच्या छोट्याशा मार्गावर त्याला एका लहान डिझेल इंजिनामागे जोडून फिरविण्याचा दिवस मुक्रर झाला. येथे एक घटनात्मक पेच उत्पन्न झाला. अमेरिकन रेल्वेच्या जुन्या नियमपुस्तकात गाडीची व्याख्या मोठी मार्मिक आहे: इंजिन हवे आणि शेपटीला खुणेचे दिवे हवेत, मध्ये वाघिणी असल्या काय, नसल्या काय, त्याची क्षिती नाही. अर्थात आमचे इंजिन आणि आमचा दिवे लावलेला कबूस मिळून नियमाप्रमाणे पूर्ण गाडी होत होती. आणि गाडी म्हटली, की तिला कंडक्टर हवा.

अर्ज मागविण्यात आले. इंजिनासाठी एकही आला नाही. त्यासाठी परवानाधारक मनुष्य दुसऱ्या ठिकाणाहून बोलवावा लागला. कंडक्टरच्या जागेसाठी मात्र सर्व पथकाने अर्ज केले, आणि मनोऱ्यातील जागा दोनच असल्यामुळे आळीपाळीचा तक्ता करण्याचे काम अध्यापिकाबाईंकडे आले, ज्यात त्यांचे स्वतःचे नाव पहिले निघाले. प्रत्यक्ष दिवशी तक्त्याला कोणी विचारले नाही. सारे पिछाडीच्या ओसरीवर कंदील घेऊन उभे राहिले. कंदील वरखाली हलविला म्हणजे निघा, रुळाला आडवा हलविला म्हणजे थांबा, असा संकेत आहे. निघण्याची वेळ झाली, शिटी वाजली, मागचे कंदील उत्साहाने वरखाली झाले आणि गाडी डब्याच्या लांबीइतकी पुढे गेली असेल नसेल, तोच त्यांतला एक कंदील आडवा हलला. संशय असेल तेथे सुरक्षित मार्ग पत्करावा, असे नियमपुस्तक बजावते, म्हणून परगावाहून आलेल्या त्या शहाण्या चालकाने तत्काळ ब्रेक लावला. जोडणीतील सारे ढिलेपण यथाशास्त्र मागे आले आणि दंतवैद्य, अध्यापिका व विमेवाले मनोऱ्याखालच्या भिंतीपर्यंत जाऊन परतले. माजी कंडक्टर तेवढे दांडी धरून होते. आडवा कंदील कोणी हलविला याची चौकशी त्याच दिवशी सुरू झाली. तिचे कामकाज अद्याप तहकुबीवर तहकुबी घेत चालू असून जबाब नोंदविण्याचे काम, अर्थातच, माझ्याकडे आहे.